बोटातले टेन्शन

गणपती गावाला गेले आणि आमच्या घरचा फोन वाजला. श्रावणातच आमच्या भाचीचे लग्न जमले होते. साखरपुडा मार्गशीर्षात करायचा, असेही ठरले होते. तेव्हा फोन हॉलसाठी असेल, फार तर केटररसाठी असेल, अशा समजुतीने मी तो निर्धास्तपणे उचलला.

"मामा, आम्ही टेन्शन रिंग घ्यायची ठरवलीय."

"अग, लग्नानंतर टेन्शन आपोआप मिळतं. त्यासाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग थंड आवाजात उत्तर आले, "हा विनोद मी आज सातव्यांदा ऐकतेय. तू रविवारी डोंबिवलीला ये. आजी काहीतरी देणार आहेत आणि आईला तू हवा आहेस."

लग्नकार्यात मामाला अंतरपाटाआधी बोलावणे आले, की समजावे, घरात काहीतरी अडले आहे.

रविवारी गेलो. भावी जावईही आला होता. मुलगा मोठा गोड. मेकॅनिकल इंजिनियर, नोकरी पुण्याला. मध्यंतरी कंपनीने त्याला सहा महिने जर्मनीला धाडले होते. माणसे परदेशाहून चॉकलेटे आणतात, घड्याळे आणतात. याने तिथून ही अंगठी डोक्यात भरून आणली होती.

आपल्या माहितीची हिऱ्याची अंगठी म्हणजे वर एक छोटे कोंदण, नाहीतर सोन्याच्या चार-सहा नख्या, आणि त्यांनी घट्ट धरलेला खडा. या अंगठीत ते काहीच नसते. अंगठीचे कडे वरच्या बाजूला तुटलेले असते, आणि त्या दोन टोकांच्या मधे हिरा नुसता अडकवलेला असतो. खाली आधार नाही, वर पकड नाही. लांबून पाहिले तर खडा हवेत तरंगतो आहे असे वाटावे. व्रेडन या जर्मन गावातल्या नीसिंग नावाच्या पेढीने 1979 साली ही घडण बाजारात आणली आणि तिला 'श्पानरिंग', म्हणजे ताणाची अंगठी, असे नाव दिले. पुढे तिच्या तऱ्हा जगभर झाल्या.

"पण तो पडत कसा नाही?" ताईने विचारले.

भावी जावयाने गॅलरीतून कपडे वाळत घालायचा चिमटा आणला आणि त्यात एक शेंगदाणा धरून दाखवला. "कड्याचं तोंड खड्यापेक्षा मुद्दाम अरुंद ठेवतात. मग ते ताणून उघडायचं, दोन्ही टोकांना केसाएवढी खाच असते तिच्यात खडा बसवायचा आणि ताण सोडून द्यायचा. धातू पुन्हा मिटू पाहतो. त्या दाबावरच हिरा राहतो."

"म्हणजे जन्मभर दोन्हीकडून दाबलेला," आमचे मेव्हणे वर्तमानपत्राआडून म्हणाले. "आता कळलं, साखरपुड्याला हीच का देतात ते."

एवढ्यात आजी आतून आल्या. आजी म्हणजे ताईच्या सासूबाई. वय वर्षे शहाऐंशी. नजर मात्र अशी, की सुईत दोरा त्याच ओवून देतात. त्यांच्या हातात कुंकवाचा जुना चांदीचा करंडा होता. त्यांनी तो उघडला, तळाची कापसाची घडी काढली आणि साबुदाण्याएवढा एक हिरा नातीच्या तळहातावर ठेवला.

"अंगठी तुम्हाला हवी तशी करा. खडा हा घाला."

त्या हिऱ्याची गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती, निदान आम्हा सर्वांना तसे वाटत होते. आजींना त्यांच्या माहेरून हिऱ्यांच्या कुड्या आल्या होत्या. मधे एक खडा आणि भोवती सहा, असे दोन्ही कानांचे मिळून चौदा. आजोबा गिरणीच्या ऑफिसात कारकून. 1982 च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो मिटेना, आणि आजोबांची गिरणी पुढे उघडलीच नाही. त्या वर्षी कुड्या विकल्या. विकताना एका कुडीतला मधला खडा गळालेला होता, म्हणून पैसे तेरांचेच आले. चौदावा त्याच दिवाळीच्या झाडलोटीत लाकडी पेटीच्या फटीत सापडला. तो हा.

आता बोला. नातीला टेन्शन रिंग हवी, आजींना त्यात आपला खडा हवा, आणि ताईला दोघींचे मन राखायचे. मी म्हटले, यात अडले कुठे? हिरा तो हिरा. बसवून टाकू.

इथे अडले कुठे ते समजायला मला दोन दुकाने हिंडावी लागली.

पितृपक्ष चालू होता. ताई म्हणाली, या पंधरवड्यात सोने घ्यायचे नाही. नुसते पाहायला पितरांची हरकत नसावी, असे ठरवून आम्ही आधी एका मोठ्या झगझगीत शोरूममध्ये गेलो. टाय घातलेल्या तरुणाने आजींचा खडा चिमट्यात धरला, न धरला, आणि म्हणाला, "बसवून देऊ. डायमंड आहे मॅडम, जगातली सर्वांत कठीण वस्तू. त्याला काय होतंय?"

मला ते पटले. तुकोबांनीसुद्धा ऐरणीवर घणाखाली वाचणाऱ्या हिऱ्याचाच दृष्टांत दिला आहे. पण भावी जावयाच्या कपाळावर आठी उभी राहिली. बाहेर येऊन तो म्हणाला, "मामा, त्यांनी भिंग लावलंच नाही."

दुसरे दुकान गिरगावातले. तीन पिढ्यांचे सराफ, पांढरा सदरा, आणि डोळ्याला दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग. त्यांनी आजींचा खडा तेलकट बोटांपासून दूर धरून फिरवत फिरवत पाहिला. दोन मिनिटे गेली, पाच गेली. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "हिरा अस्सल आहे. पाणीही चांगलं आहे. पण मी हा या घडणीत बसवणार नाही."

मी तुकोबांचा दाखला दिला. ते हसले. "महाराजांचा हिरा म्हणजे माणूस होता साहेब. तो घणाखाली टिकतो. माझ्याकडे येतो तो दगड. त्याचे तुकडे होतात."

पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी आम्हाला जे सांगितले, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. दिवाळीनंतर पुष्कळ घरांत याच खरेदीला निघायचे असेल.

पहिली गोष्ट ही, की कठीण म्हणजे अतूट नव्हे. हिऱ्यावर ओरखडा फक्त हिराच काढू शकतो. काठिण्याच्या मापात त्याचा आकडा दहा, माणिक-नीलमचा नऊ. पण लाकूड जसे रेषेत चिरले जाते, तसा हिराही चार ठराविक दिशांनी फाटतो. घाव त्या दिशेने बसला की झाले. ऐरणीवर हातोडा मारून अस्सल हिरा ओळखावा, अशी समजूत जुन्या रोमच्या प्लिनीपासून चालत आली आहे. त्या परीक्षेत किती खरे हिरे चुरा होऊन खोटे ठरले असतील, देव जाणे! 1905 साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हिरा 3,106 कॅरेटचा होता, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त. तो 1908 साली अ‍ॅमस्टरडॅमला फोडला तो याच गुणामुळे. पहिल्या घावाला पाते मोडले, दुसऱ्यांदा हिरा ठरल्या जागी दुभंगला.

दुसरी गोष्ट हिऱ्याच्या कंबरेची. गोल हिरा आडवा धरून पाहा. वर मुकुट, खाली निमुळता तळ, आणि दोहोंच्या सांध्यावर भोवताली एक बारीक कड. इंग्रजीत तिला गर्डल म्हणतात. एरवी तिच्याकडे कुणी पाहत नाही. पण ताणाच्या अंगठीत सारा दाब येतो तो या कडेवर, आणि तोही समोरासमोरच्या दोनच ठिकाणी. कड सुरीच्या धारेसारखी असेल तर तिचा टवका उडायला वेळ लागत नाही. म्हणून कड मध्यम किंवा किंचित जाड हवी. फार जाडही नको. मग वजनाचे पैसे त्या कडेतच जातात आणि खडा वजनाच्या मानाने लहान दिसतो. प्रयोगशाळेच्या दाखल्यावर कडेची जाडी लिहिलेली असते. आपण रंगाचे अक्षर वाचतो, वजन वाचतो, किंमत दोनदा वाचतो. आणि ही ओळ तेवढी सोडून देतो.

तिसरी गोष्ट डागांची. बहुतेक हिऱ्यांत काहीतरी असतेच. कुठे ठिपका, कुठे ढगासारखे धूसर, कुठे पिसासारखा तडा. मधोमध असलेला ठिपका डोळ्यांना खटकेल, पण दाबाला त्याचे भय नाही. कडेपर्यंत पोचलेला तडा डोळ्यांना दिसणारही नाही, पण धोका तिथे. म्हणून डाग किती एवढेच विचारून भागत नाही, डाग कुठे ते विचारावे. भिंग मागून घ्यावे आणि खडा आडवा धरून कडेवरून एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी. चांगला दुकानदार भिंग हसत देतो. जो देत नाही, त्याच्याकडे चहासुद्धा घेऊ नये.

आकार गोल बरा. चौकोनी हिऱ्याची टोके नाजूक असतात. रंगाच्या बाबतीत मात्र एक सांभाळावे: ही अंगठी बाजूंनी उघडी असते, आणि हिऱ्यातली पिवळसर झाक वरून दिसते त्याहून बाजूने जास्त दिसते. हिराच परवडत नसेल तर माणिक किंवा नीलम चालेल. पाचू, ओपल, मोती यांना मात्र या ताणात घालू नये. आणि यंत्रात घडवलेला हिरा? तो काचेचा नव्हे, हिराच. 1954 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत असे हिरे करण्यात यश आले. कठीणपणा तोच, फुटण्याची रीतही तीच. किमतीला पुष्कळ स्वस्त, पण मोडायला गेलात तर हाती फारसे काही येत नाही. दाखल्यावर तसे स्पष्ट लिहून घ्यावे, म्हणजे झाले.

चौथी गोष्ट धातूची, आणि इथे आपल्या घरात वाद होणार. ताईने विचारलेच, "बावीस कॅरेटमध्ये कराल ना?" सराफांनी मान हलवली. बावीस कॅरेट, म्हणजे हॉलमार्कच्या भाषेत 916, हे सोने मऊ. ते वाकते आणि वाकलेलेच राहते. या अंगठीला हवा तो वाकवला तरी परत उसळणारा धातू. योग्य भर घालून कडक केलेले चौदा किंवा अठरा कॅरेटचे सोने, त्यासाठी मुद्दाम केलेले प्लॅटिनमचे मिश्रण, नाहीतर टायटॅनियम. "सोनं शुद्ध असावं की हिरा जागेवर राहावा, ते तुम्ही ठरवा," एवढे बोलून ते गप्प बसले. भावी जावई मात्र एवढा खुलला, की त्याने स्प्रिंगवर एक छोटे व्याख्यान दिले. भाची ते कौतुकाने ऐकत होती. मी मनात म्हटले, हिची पुढची चाळीस वर्षे अशीच जाणार.

पाचवी गोष्ट मापाची. साधी अंगठी घट्ट झाली तर कापून मोठी करता येते. ही कापली की ताण बिघडला. घडवणाऱ्याकडेच परत पाठवावी लागते, पुष्कळदा नवीच करावी लागते. म्हणून माप सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि उकाड्याच्या दिवशी एकदा, असे घ्यावे. पुढे बाळंतपणात बोटे सुजतात, तेव्हा ती वेळेवर काढून ठेवावी. नारळ खवताना, कणीक मळताना, लोकलच्या दांडीला लोंबकळताना ही बोटात नको. ओट्याच्या ग्रॅनाइटवर हात आपटला, तर वर्षाची तपासणी येईपर्यंत न थांबता दुकान गाठावे. घरी पक्कड लावून कडे दाबण्याचा पराक्रम कुणी करू नये.

आणि शेवटची. 'टेन्शन' म्हणून विकली जाणारी प्रत्येक अंगठी तशी नसते. काहींत खाली लपवलेला आधार असतो आणि ताण फक्त दिसण्यापुरता. त्यात वाईट काही नाही, उलट ती जास्त निश्चिंत. पण आपण काय घेतो आहोत ते विचारून घ्यावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.

एवढे झाल्यावर सराफांनी भिंग माझ्या हाती दिले. आजींच्या हिऱ्याची कंबर जुन्या घडणीतल्या पुष्कळ हिऱ्यांसारखी धारदार होती. आणि एका बाजूला, अगदी कडेपासून आत शिरलेला, पिसासारखा पांढरा तडा होता. कुडीतून गळून पडला तेव्हा बसला असेल, किंवा त्याआधीचाही असेल.

"पुन्हा पैलू पाडून तडा काढता येईल," सराफ म्हणाले. "वजन घटेल. आणि मग तो आजींचा खडा उरला असं म्हणायचं की नाही, ते तुम्ही बघा."

परतताना गाडीत कुणी फारसे बोलले नाही. ठाणे गेल्यावर भाची म्हणाली, "नको ती टेन्शन रिंग. आजींचा खडा साध्या कोंदणात घालू." भावी जावई लगेच "हो" म्हणाला. इतक्या लगेच, की त्याला किती वाईट वाटले ते मला समजले.

घरी आजींना सगळे सांगितले. मला वाटले, त्या खट्टू होतील. त्यांनी करंडा मांडीवर घेतला आणि मुलाकडे, म्हणजे आमच्या मेव्हण्यांकडे, पाहिले.

"तेरा खडे गेले तेव्हा मी रडले नाही," त्या म्हणाल्या. "हा सापडला तेव्हा रडले. आणि सापडल्याचं कुणाला सांगितलं नाही. यांनासुद्धा नाही. वर्षं गेली, सगळं सुरळीत झालं, मग सांगितलं. तुम्ही सगळे समजता, दिवाळीत सापडला आणि आम्ही आनंदानं जपून ठेवला. तसं नाही ते. दिवाळीत सापडला, आणि पुढच्या जूनला याने फी नाही म्हणून कॉलेज सोडलं. माझ्या करंड्यात हिरा होता."

वर्तमानपत्र खाली आले. मेव्हणे बराच वेळ आईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आई, एवढ्याशा खड्यात काय झालं असतं?"

"झालं असतं की नसतं, कोण जाणे. पण होता. म्हणून म्हटलं, हिच्या बोटात जाऊ दे. माझ्याकडे नको."

मेव्हणे उठले आणि आईच्या शेजारी जाऊन बसले. "मला नोकरी धरायचीच होती," ते म्हणाले. हे खरे की खोटे ते मला माहीत नाही. ताईलाही माहीत नसावे.

भाचीने आजींच्या मांडीवरचा करंडा उचलला. "आजी, याला तडा आहे, दाबात घालायचा नाही, असं सराफ म्हणाले ना? मग माझ्याकडेही नको. बंद कोंदणाची साधी अंगठी करू. चारी बाजूंनी सोन्याची कड, बावीस कॅरेट सुद्धा चालेल. आणि ती तुम्ही घालायची."

"या वयात? विधवा बाईनं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, आजींना तेवढं टेन्शन नाही."

हा तिचा पहिला विनोद, आणि आमच्या सातांपेक्षा चांगला. आजी हसल्या, मग डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "माझ्यामागे तुझीच हो ती."

घटस्थापनेला दोन्ही अंगठ्या नोंदवल्या. भाचीसाठी गोल हिरा घेतला, वजनाने चाळीस सेंट, म्हणजे अर्ध्या कॅरेटलाही कमी. कड मध्यम, कडेपाशी एकही तडा नाही. मधे एक इवलासा ठिपका आहे, तो तिने मुद्दाम भिंगातून पाहून ठेवला आहे. म्हणते, कुठेही हरवला तरी ओळखीन. मापे तीनदा घेतली. ती अंगठी अजून यायची आहे, मार्गशीर्षाच्या आत मिळेल.

आजींची मात्र कोजागिरीलाच आली. परवा ताईकडे गेलो तेव्हा करंज्या चालल्या होत्या आणि आजी स्वतः पीठ मळत होत्या. बोटात अंगठी, अंगठीला कणीक. मी सराफांचा उपदेश आठवून म्हटले, "आजी, मळताना काढून ठेवायची असते."

"भाऊ," आजी मान वर न करता म्हणाल्या, "चाळीस वर्षं काढूनच ठेवली होती."

मी पुढे बोललो नाही. समोरची करंजी खाल्ली.

वाचकहो, दिवाळी सुखाची जावो. यंदा कुणाच्या घरी अंगठी घ्यायची असेल, तर दाखल्यावरची कडेची ओळ तेवढी वाचायला विसरू नका.